शब्द गिळण्यापुरता वेळ

बोलणं हा माझा धंदा होता. रत्नागिरीत किंवा आसपास पतसंस्थेचा रौप्यमहोत्सव असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो की गाण्यांचा कार्यक्रम असो, माईकवर शर्वाणी भाटकर असायची. पाहुण्यांची गाडी हातखंब्याला अडकली तर तासभर लोकांना हसवत ठेवायचं आणि भाषण न आवरणाऱ्या अध्यक्षांना त्यांचा मान राखून खाली बसवायचं, हे माझं काम. लोक मला हजरजबाबी म्हणत. सासूबाई तोंडाळ म्हणत.

मेंदूत गुठळी झाली तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते. विचार शाबूत राहिले, कान शाबूत राहिले, पण जीभ, ओठ, हात, पाय सगळं संपावर गेलं. मान थोडी वळते आणि डाव्या हाताची दोन बोटं हलतात. हे कुणी हळहळावं म्हणून सांगत नाही. पुढची गोष्ट कळावी म्हणून सांगते.

तोवर ती जाळी बाजारात आली होती. कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ. जीभ आणि ओठांना हुकूम सोडणारा जो मेंदूचा भाग असतो, त्यावर ती पसरतात. माझा मेंदू हुकूम सोडतच होता, फक्त ते खाली पोचत नव्हते. जाळी ते हुकूम टिपते, संगणक त्यावरून शब्द ओळखतो आणि स्पीकरमधून बोलतो. आवाज माझाच, जुन्या कार्यक्रमांच्या रेकॉर्डिंगवरून घडवलेला. कंपनीचं म्हणणं होतं की शब्द ओळखण्याचं काम त्यांच्या दूरच्या मोठ्या यंत्रांवर होऊ द्यावं, म्हणजे उत्तर झटपट येईल. मी डोळ्यांनीच नकार दिला. डोक्यातलं सगळं परगावी पाठवायचं आणि माझंच बोलणं तिथून परत मागवायचं, हे मला पटेना. म्हणून आमचा संगणकाचा खोका घरात आला आणि माझ्या नवऱ्याच्या हाती लागला.

निरंजन बोटी बांधणाऱ्या कारखान्यात विजेचं काम बघतो. तो झाला पोटाचा उद्योग. खरा उद्योग ओव्हरक्लॉकिंग. संगणकाची चिप बनवणारे तिला एक सुरक्षित वेग ठरवून देतात. ती त्याहून पळवायची, हा या मंडळींचा छंद. जितकी पळवाल तितकी ती तापते, तापली की गडबडते. म्हणजे नाव वेगाचं असलं तरी सगळी झटापट थंड करण्याची. निरंजनचा जीव पाण्यात होता. चिपवर तांब्याचा ठोकळा, त्यातून खेळणारं पाणी, ते पाणी गार करायला पंख्यांची जाळी, आणि हे सगळं जोडणाऱ्या नळ्या तो गरम हवेने स्वतः वाकवायचा. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत आमच्या हॉलमध्ये कंदिलाऐवजी निळ्या पाण्याच्या नळ्या उजळल्या होत्या.

कंपनीच्या वेगाने माझा शब्द बाहेर यायला नऊ सेकंद लागायचे. निरंजनने पाणी लावून ते चारवर आणले. त्याला वाटलं, किल्ला सर झाला. पण चार सेकंद म्हणजे काय, हे माझ्यासारखीलाच विचारा.

एकदा जेवताना सासूबाई म्हणाल्या, "नाडकर्ण्यांचा मुलगा म्हणे योग शिकवायला जर्मनीला गेला. इथे तर चपला घालायला वाकायचा नाही." मला लगेच सुचलं. ते बाहेर पडेपर्यंत आईंची, म्हणजे सासूबाईंची, आमटी वाढून झाली आणि त्या निरंजनच्या मामांच्या बायपासवर आल्या. तेव्हा स्पीकरमधून माझा ठसक्यात आवाज: "तिकडे चपला घालून देणारे असतील!"

कुणी हसलं नाही. आई म्हणाल्या, "मामांना गो?"

असं रोज व्हायचं. माझं भांडणही कुणाशी होईना, कारण मी तोंड उघडेपर्यंत समोरचा खोलीतून गेलेला असायचा. निरंजन पंपाचा वेग वाढवायचा, पंखे बदलायचा, आणि पंख्यांच्या घरघरीत मी धुमसत बसायचे. पाण्याची हद्द संपली होती. खोलीतली हवा बत्तीस अंशांवर असेल तर पाणी त्याच्याखाली जात नाही. कितीही पंखे लावा.

त्याच्यापुढे जायचे मार्ग होते, नाही असं नाही. विक्रम करणारे लोक द्रव नायट्रोजन ओततात. निरंजन आणि त्याचा मित्र वसीम मुकादम पूर्वी तो जनावरांच्या कृत्रिम रेतनाच्या केंद्रातून आणायचे, ज्या कॅनमध्ये वळूचं वीर्य गोठवून ठेवतात त्यातून. पण तो वाफ होऊन उडून जातो. बायकोचं तोंड दिवसभर वळूच्या कॅनवर कसं चालवणार?

मग वसीम एका रविवारी बुटाच्या खोक्यात काचेसारखी एक वडी घेऊन आला.

"वहिनी, पाणी आता विसरा," तो म्हणाला. "हा स्फटिक प्रकाशाने गार होतो."

मी हा प्रकार निरंजनकडून इतक्या वेळा ऐकलाय की झोपेतही सांगेन. तो साधा स्फटिक नसतो, त्यात एका दुर्मीळ धातूचे अणू पेरलेले असतात. त्यावर एका नेमक्या रंगाचा लेझर सोडायचा. अणूंना तो प्रकाश थोडा अपुरा पडतो, म्हणून उरलेली ऊर्जा ते स्फटिकाच्या थरथरीतून उचलतात. वस्तूतली थरथर म्हणजेच उष्णता. मग अणू प्रकाश परत टाकून देतात, तो आला त्यापेक्षा किंचित जोरकस होऊन. म्हणजे चहाला आलेल्या पाहुण्याने जाताना घरातला एक एक लाडू खिशात घालून जावं, तसा प्रत्येक किरण चिमूटभर उष्णता घेऊन निघून जातो. असे अब्जावधी पाहुणे सारखे येत-जात राहिले की डबा रिकामा. स्फटिक उणे शंभरच्याही खाली उतरतो, आणि त्याला चिकटलेली चिप त्याच्यासोबत. पंप नाही, पंखा नाही, आवाज नाही. बाहेर पडलेला प्रकाश काचतंतूतून बाल्कनीतल्या काळ्या पत्र्यावर नेऊन सोडायचा, तिथे काय तापायचं ते तापू दे.

निरंजनने तेव्हाच माझा खोका उघडला. तेव्हाच. थोडं वाचून, विचारून करू, असं कधी त्याच्या रक्तात नव्हतंच.

आणि इथे त्याने जी चूक केली ती पाण्यातून आलेला माणूसच करू शकतो. पाणीवाल्यांना एकच भीती असते, गळतीची. म्हणून नवीन जोडणी केली की ते प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवतात. ओला झाला की कळतं, कुठे गळतंय. निरंजनने सवयीने स्फटिकाखालीही टिश्यू ठेवला. लेझर सुरू केला. चिप उणे साठला पोचली आणि टिश्यू ओला झाला. हा पठ्ठ्या सांधा शोधायला लागला! ज्या यंत्रात पाण्याचा थेंब नाही, नळी नाही, त्यात तो विजेरी घेऊन गळती शोधत होता. वसीम म्हणाला, "जुन्या ठोकळ्यातलं राहिलं असेल रे." त्यांनी पुसलं. परत ओलं. परत पुसलं.

मला दिसत होतं. फ्रीजमधली बाटली ओट्यावर ठेवली की तिला बाहेरून घाम येतो, तसा त्या बोर्डाला येत होता. आमच्या कोकणातल्या हवेत पाणी काय कमी असतं? पण सांगायला तोंड नव्हतं. तोंड टेबलावर उघडं पडलं होतं. मी जोरजोरात पापण्या मिटल्या, बोटं खुर्चीवर आपटली. निरंजन माझ्याकडे बघून हसला. "बघ, शर्वाणीलाही राहवत नाहीये!"

चट् असा आवाज झाला आणि जळका वास आला. नवीन बोर्ड यायला तीन आठवडे लागले आणि तेवढे दिवस मी डोळ्यांनी अक्षरं निवडत घालवले. त्या दिवसांत निरंजनने जळलेल्या बोर्डाचे फोटो काढून आपल्या ओव्हरक्लॉकरांच्या इंटरनेटवरच्या मंचावर टाकले, खाली चर्चा झाली, लोकांनी त्याचं कौतुकही केलं. मी त्याला एकदाही बोलले नाही. नवीन खोका लागल्यावर माझं पहिलं वाक्य होतं, "जाऊ दे, होतं असं." कारण तो रडवेला झाला होता आणि माझं त्याच्यावर प्रेम आहे.

या वेळी त्यांनी चिप आणि स्फटिक कोरड्या वायूच्या सीलबंद डबीत बसवले. लेझर सुरू झाला. घरात इतकी शांतता पसरली की शेजारच्यांचा कुकर ऐकू आला. निरंजनने विचारलं, "काही बोल."

"काय बोलू? तुझा शर्ट उलटा आहे," मी म्हटलं.

म्हटलं! लगेच! त्याने खाली बघितलं, शर्ट खरंच उलटा होता, आणि आम्ही दोघं हसत सुटलो. म्हणजे तो हसला आणि स्पीकर हसला, पण हसू माझं होतं. पुढचे काही दिवस मी नुसती सुटले होते. भाजीवाल्याशी घासाघीस केली. आईंशी मालिकेवरून वाद घातला आणि जिंकले. माझ्या जुन्या मैत्रिणीने तर फोनवर विचारलं, "तू बरी झालीस का गं?" त्या दिवशी मला रडावंसं वाटलं, आनंदाने.

तिथे थांबलो असतो तर ही गोष्ट लिहावी लागली नसती. पण वेग वाढवता येतो म्हटल्यावर न वाढवणारा ओव्हरक्लॉकर अजून जन्मायचाय. कारखान्यातून आला की चहाच्या आधी निरंजन खोक्यापाशी. रोज थोडा गार, रोज थोडा पुढे. त्याला झोप लागेना, जेवताना पाय हलत राहायचा. त्यांच्या मंचावर एक यादी असते, दिवसभर न कोसळता चालणाऱ्या घरगुती यंत्रांची. त्यात तो वर सरकत होता आणि त्याचं ते यंत्र म्हणजे मी होते.

पहिल्यांदा गंमत वाटली. आईंनी आमटीचा घास भरवला आणि मी तो गिळायच्या आत स्पीकर म्हणाला, "मीठ कमी आहे." मी हे म्हणणार नव्हते. मनात आलं होतं, एवढंच. आई म्हणाल्या, "सांगत जा गो असं, बरं असतं." दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू नवी साडी दाखवायला आल्या. मी "छान आहे" म्हणायच्या बेतात होते. स्पीकर म्हणाला, "पडद्याचं कापड वाटतंय." काकू परत आल्या नाहीत.

माझ्या वाचोपचाराच्या गौरांगी मॅडम महिन्याला येतात. मी त्यांना विचारलं, हे काय चाललंय. त्यांनी जाळीचे आलेख बघितले.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "आपण सगळेच मनात वाक्य आधी रचतो. तोंडाला हुकूम नंतर जातो. आणि 'नको, हे बोलू नको' हा हुकूम सगळ्यात शेवटी येतो, अगदी दारात. तुमचा खोका पूर्वी इतका हळू होता की त्याला शब्द कळेपर्यंत तुमचं 'नको' येऊन गेलेलं असायचं. आता तो तुमचं वाक्य रचलं जातानाच ओळखतो आणि 'नको' यायच्या आत बोलून मोकळा होतो."

"मग त्याला थांबायला सांगा," निरंजन म्हणाला.

"ते प्रोग्रॅममध्ये आहे. तो वैद्यकीय म्हणून सीलबंद असतो, मलाही हात लावता येत नाही. कंपनीने ठरवलेल्या वेगावर हा प्रश्न येतच नाही." त्यांनी निरंजनकडे बघितलं. "वेग तुम्ही वाढवलाय ना?"

लिहिताना मला खोडता येतं. पडद्यावर अक्षरं येतात, नको ती पुसते. बोलताना ते राहिलं नव्हतं. वाचा गेली तेव्हा मला वाटलं होतं, याहून वाईट काही नाही. पण गप्प बसता न येणं हे त्याहून वाईट निघालं. डोक्यात कुणीही कधीही डोकावून बघतंय आणि ते आपल्याच आवाजात जाहीर करतंय, अशी धास्ती घेऊन मी जगायला लागले. माणसं आली की मी पाढे म्हणायचे, मनात काही येऊच नये म्हणून. मग स्पीकर पाढे म्हणायचा. दोन बोटांनी खोका बंद करता यायचा, पण तोवर बोलून झालेलं असायचं.

मी निरंजनला म्हटलं, वेग उतरव. तो म्हणाला, "रविवारपर्यंत थांब. मंचावरची मंडळी बघायला येणार आहेत."

रविवारी दुपारी आठदहा जण आले. आईंनी बटाटेवडे तळले. निरंजनने सगळ्यांना बाल्कनीतला तापलेला पत्रा दाखवला, डबी दाखवली, आकडा दाखवला. त्याचा चेहरा इतका फुलला होता की मला त्याचं कौतुकच वाटत होतं, खरंच. वसीमने वडा संपवून विचारलं, "वहिनी, तुम्हाला कसं वाटतं पाणी सोडून?"

माझ्याकडे तयार उत्तर होतं: 'मस्त! आता नवऱ्याला बोलायला सवडच मिळत नाही.' पण त्याच्या आधी, खाली कुठेतरी, दुसरं एक होतं.

स्पीकर म्हणाला, "मला काय विचारता? तोंड माझं आहे, आकडा ह्याचा. बोर्ड घामाने भिजत होता तेव्हा मी जीव तोडून खुणा करत होते आणि हा हसला. मी तीन आठवडे मुकी बसले आणि ह्याने फोटो काढले. हे माझ्यासाठी नाही केलं त्याने."

स्टेजवरचा माझा उत्तम आवाज. शब्द न् शब्द स्पष्ट. आईंच्या हातातली ताटली तशीच राहिली. मंडळी चपला शोधायला लागली.

सगळे गेल्यावर निरंजन माझ्या समोर स्टूल ओढून बसला. "हे खरं आहे?"

"हो," स्पीकर म्हणाला.

मला 'नाही' म्हणायचं होतं. खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही, असं काहीतरी. मी पडद्यावर भराभर लिहिलं: तसं नाही रे. त्याने वाचलं आणि मान फिरवली. लिहिलेल्यावर कोण विश्वास ठेवणार? तोंडाने आधीच साक्ष दिली होती.

दोन दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. तिसऱ्या दिवशी कारखान्यातून आला तो उपाय घेऊनच. "शर्वाणी, मला कळलं. आपला वेग कमी पडतोय. आणखी थोडा वाढवला तर खोका तुझं 'नको'सुद्धा आधी पकडेल."

जित्याची खोड! मी काही म्हणायच्या आत स्पीकरनेच "मूर्ख आहेस" म्हटलं, आणि या वेळी ते मला मान्य होतं. तरी त्याने करून बघितलं. खोक्याने 'नको' नाही पकडलं. त्याने 'मूर्ख'च्याही मागचं काढलं. स्पीकर अर्धवट वाक्यं ओकायला लागला: निरंजन, भीती वाटते, लघवीला नेणार कोण, आई म्हाताऱ्या झाल्या, हा सोडून गेला तर, हा सोडून गेला तर, हा सोडून गेला तर.

निरंजनने झटक्यात लेझर बंद केला. तो जमिनीवर बसला आणि माझे पाय धरून बसून राहिला. मला काहीही म्हणता येत नव्हतं आणि त्या क्षणी ते बरं होतं.

बऱ्याच वेळाने तो उठला. "उतरवू," तो म्हणाला. "पण किती? चारवर परत नाही न्यायचं तुला."

हा प्रश्न रास्त होता. वेग वाढवताना मोजायला आकडा असतो. उतरवताना कुठे थांबायचं, हे कसं कळणार? माणसाला शब्द गिळता येतोय की नाही, हे बाहेरून दिसत नाही. मग त्यानेच युक्ती काढली, आणि त्यासाठी मी त्याच्या बाकीच्या शंभर चुका माफ करीन. शनिवारी सकाळी तो माझ्यासमोर बसला आणि मला चिडवायला लागला.

"तुझ्या आईच्या हातचं माशांचं तिखलं मला कधीच आवडलं नाही," तो म्हणाला.

"तरी तीन वेळा घ्यायचास!" स्पीकर कडाडला. मी गिळायचा प्रयत्न केला होता. निरंजनने एक पायरी खाली आणलं.

"तू सूत्रसंचालन करायचीस तेव्हा जरा जास्तच बोलायचीस."

"आणि तू घोरायचास, पहिल्या रांगेत!" आणखी एक पायरी खाली.

"तुझ्या बहिणीचा नवरा माझ्यापेक्षा दिसायला बरा आहे."

"बरा? तो..." आणि स्पीकर अडखळला. पुढचं मी दातांखाली दाबलं होतं आणि ते दबलं. निरंजन हसायला लागला. मधूनच वसीमचा फोन आला. आकडा कुठे पोचला, विचारत होता. निरंजन म्हणाला, "उतरतोय," आणि फोन खाली ठेवला. यादीतलं त्याचं नाव त्या संध्याकाळी निघालं. त्याला वाईट वाटलं, ते त्याने लपवलं नाही आणि मीही समजूत काढली नाही.

असं करत करत आम्ही अशा ठिकाणी आलो की उत्तर यायला श्वास घेऊन सोडण्याइतका वेळ लागायचा. विनोदाला थोडा उशीर, भांडणाला पुरेसा. आई स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आता पुरे कर रे, उगाच तिला छळतोयस."

"एकच राहिलं," निरंजन म्हणाला. त्याने खोक्याकडे पाठ केली आणि माझ्याकडे बघितलं, स्पीकरकडे नाही. "माझ्यावर अजून राग आहे?"

डोक्यात उत्तरांची झुंबड उडाली. त्यातली एक-दोन अशी होती की ऐकून त्याने पुन्हा मान फिरवली असती, आणि एक इतकी गोड होती की ती साफ खोटी ठरली असती. मी ती एकेक करून गिळली. खोका गप्प होता. निरंजनही गप्प होता. त्याने खोक्याकडे वळून बघितलं नाही, पुन्हा विचारलं नाही, त्याचा पायसुद्धा हलत नव्हता. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या उत्तराची इतकी वाट त्याने कधी पाहिली नव्हती.

"आहे," मी म्हटलं. "उद्या भांडू. आत्ता चहा टाक."